औषधातल्या चुका नोंदवल्या का जात नाहीत? फार्मासिस्टने मुलाखती घेताना काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. फार्म.डी. या फार्मसीच्या पदवीच्या पाचव्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला तीनशे खाटांच्या रुग्णालयात प्रोजेक्ट करायचा आहे. तिथे औषधातल्या चुकांचे इन्सिडेंट फॉर्म महिनोन्‌महिने कोरे पडून असतात. त्याने सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टरांकडून प्रश्नावली भरून घेतली, तर जवळजवळ सगळ्यांनी 'चूक नोंदवणं आवश्यक आहे' यासमोर 'पूर्ण सहमत'वर खूण केली. फॉर्म मात्र अजून कोरेच. आता गाईड म्हणतात मुलाखती घे, समिती विचारते सॅम्पल साइज किती, आणि त्याला स्वतःला शंका आहे की दहा-पंधरा लोकांशी बोलून जे लिहायचं त्याला संशोधन म्हणतात का. आधीच्या एखाद्या सिद्धान्ताची चौकट घ्यावी का, हेही त्याने विचारलं आहे.

तुमची प्रश्नावली वाया गेली असं समजू नका. नोंद करायला हवी हे रुग्णालयात सगळ्यांना माहीत आहे, एवढं तिने पक्कं केलं. आपल्याकडच्या फार्मसी प्रॅक्टिसच्या प्रबंधांत 'ज्ञान, दृष्टिकोन, आचरण' छापाच्या सर्वेक्षणांचा सुळसुळाट आहे आणि त्यांतल्या बहुतेकांचा शेवट 'प्रशिक्षणाची गरज आहे' या वाक्याने होतो. तुमच्याकडे ते वाक्य लिहायची सोयच उरलेली नाही. ज्यांना आधीच माहीत आहे त्यांना पुन्हा तेच शिकवून फॉर्म भरले जाणार नाहीत. मग घोडं अडतंय कुठे?

चुका किती लपतात हे मोजून झालेलं आहे. अमेरिकेत एलिझाबेथ फ्लिन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ३६ रुग्णालयं आणि शुश्रूषा केंद्रांमधले सुमारे २,५५० डोस तीन पद्धतींनी तपासले. सिस्टरच्या शेजारी उभं राहून पाहणाऱ्यांना ३०० चुका सापडल्या, केसपेपर चाळणाऱ्यांना १७, आणि इन्सिडेंट रिपोर्टमधून हाती लागली फक्त १. म्हणजे तुमच्या रुग्णालयातले कोरे फॉर्म हा काही जगावेगळा प्रकार नाही. पण त्या ३०० चुकांचं पुढे वॉर्डात काय झालं? कुणी कुणाला सांगितलं, कुणी गुपचूप निस्तरलं, कुणाला ती चूक वाटलीच नाही? हे त्या तक्त्यात सापडत नाही. ते माणसांना विचारावं लागतं आणि विचारण्याची एक शिस्त असते. त्या शिस्तीला गुणात्मक संशोधन म्हणतात. गप्पा म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा एका तासाच्या मुलाखतीचं शब्दशः लेखन करून पाहावं.

आपल्या पेशातलं एक जुनं उदाहरण सांगते, कारण ते फार्मासिस्टच्या रोजच्या कामातूनच निघालं आहे. इंग्लंडमधल्या एका शिक्षण-रुग्णालयात ब्रायनी डीन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असं केलं: वॉर्डातले फार्मासिस्ट एरवीही चार्ट तपासताना चुका पकडतातच, त्यांतल्या गंभीर ठरू शकतील अशा ८८ चुका बाजूला काढल्या आणि त्यांपैकी ४४ चुका ज्यांच्या हातून झाल्या त्या डॉक्टरांना जाऊन भेटले. मुलाखतीचा विषय एकच, तुमच्या हातून लिहिली गेलेली ही एक औषधाची ऑर्डर. त्या वेळी काय चाललं होतं? उत्तरांत अज्ञान होतं, पण त्याहून जास्त होतं ते लक्ष विचलित होणं, नियम माहीत असून त्या क्षणी न लावणं, दुसऱ्याच्या पेशंटसाठी लिहावं लागणं, सीनियरला विचारायला संकोच वाटणं, आणि ऑर्डर लिहिणं हे मुळातच किरकोळ काम समजलं जाणं. पुढे २००९ मध्ये इंग्लंडमधल्याच १९ रुग्णालयांच्या मोठ्या अभ्यासात सव्वा लाखाच्या आसपास ऑर्डरी तपासल्या गेल्या, ८.९ टक्क्यांत चूक निघाली, आणि जोडीला ३० नवशिक्या डॉक्टरांच्या मुलाखती झाल्या. त्यांतला मला सर्वांत बोचलेला भाग असा की आपण चुकलो तर सिस्टर किंवा फार्मासिस्ट पकडतीलच, यावर ही मंडळी विसंबून होती. आपण वॉर्डात आहोत म्हणून ते निर्धास्त! हे कुठल्याही टक्केवारीत दिसलं नसतं.

या दोन्ही ठिकाणी पद्धत एकाच घराण्यातली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांवरच्या कामातून ती घडवली आणि १९५४ मध्ये मांडली. तिला निर्णायक प्रसंगांची पद्धत म्हणता येईल. माझं या सगळ्या उत्तरात सांगणं एकच आहे, बाकीचं त्याचे फाटे समजा: मत विचारू नका, घटना विचारा. 'तुमच्या मते लोक चुका का नोंदवत नाहीत?' असं विचारलंत की तुम्ही प्रश्नावलीच तोंडी घेताय. समोरची सिस्टर सेमिनारमध्ये ऐकलेलं उत्तर देईल: वेळ नाही, भीती वाटते, स्टाफ कमी आहे. खोटं नाही ते, पण त्यातून तुम्हाला नवीन काही कळत नाही.

घटना विचारली की काय होतं ते पाहा. खालचा तुकडा नमुन्यासाठी मी रचला आहे ('मामा' म्हणजे वॉर्डबॉय, 'इंडेंट' म्हणजे वॉर्डाने फार्मसीकडे केलेली औषधांची मागणी). खऱ्या मुलाखती अशा उघड्यावर मांडायच्या नसतात.

— शेवटची अशी वेळ आठवते का सिस्टर, की डोस द्यायला गेलात आणि काहीतरी वेगळंच लक्षात आलं?
— तशी… परवाच्या नाइटला. आठ नंबरला सेफ्ट्रियाक्सोन होतं. ट्रे लावताना बघितलं तर व्हायल सेफोटॅक्सिमची.
— मग?
— मग काय, बदलून घेतली.
— कुठून?
— शेजारच्या वॉर्डातून. तुमचं काउंटर खाली, आणि रात्री मामा एकच. सकाळी त्यांना त्यांची परत दिली.
— आणि चार्टवर काय लिहिलंत?
— चार्टवर काय लिहायचं? दिलं तर बरोबरच ना.
— कुणाला सांगितलंत हे?
— सकाळच्या सिस्टरला सांगितलं हँडओव्हरमध्ये. म्हणजे तिला एकटीला. सगळ्यांसमोर नाही.
— फॉर्मचं मनात आलं होतं का?
— (हसतात) अहो सर, पेशंटला काही झालंच नाही. फॉर्म दिला की आधी विचारणार कुणाच्या ड्यूटीत झालं. आणि तो इंडेंट मीच काढला होता.

दोन मिनिटांचा संवाद, पण त्यात किती गोष्टी आहेत बघा. सिस्टरच्या लेखी चूक म्हणजे पेशंटला झालेली इजा. इजा नाही तर चूक नाही. तुमच्या पुस्तकी वर्गवारीत, म्हणजे एनसीसी मर्प या अमेरिकी परिषदेने ठरवलेल्या ए ते आय या श्रेणींत, ही घटना 'बी'मध्ये बसते: चूक झाली पण पेशंटपर्यंत पोचली नाही. फॉर्म तयार करणाऱ्याला ती हवी आहे आणि भरणारीला ती नोंदण्याजोगीच वाटत नाही. दुसरं, नोंद झालीच नाही असं नाही. एका विश्वासाच्या व्यक्तीला, तोंडी, एकटीला गाठून ती झाली. वॉर्डात नोंदवण्याची एक समांतर व्यवस्था सुरळीत चालू आहे. तुमचा फॉर्म तिच्या बाहेर पडला आहे. तिसरं, वॉर्डावॉर्डात औषधांची उसनवारी चालते. फार्मसीच्या कॉम्प्युटरवर सेफोटॅक्सिम आठ नंबरच्या नावावर गेलं ते गेलंच. आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं: इंडेंट तिनेच काढला होता. तिच्यासाठी तो फॉर्म म्हणजे स्वतःविरुद्ध लिहून दिलेला कबुलीजबाब आहे.

आता त्या संवादातलं 'तुमचं काउंटर' आणि 'सर' पुन्हा वाचा. ती एका फार्मसीच्या माणसाशी बोलते आहे हे ती क्षणभरही विसरलेली नाही. कदाचित व्हायल फार्मसीतूनच चुकीची आली असेल आणि तुमच्या तोंडावर तसं म्हणायला नको म्हणून इंडेंटचं निमित्त स्वतःवर घेतलं असेल. रुग्णालयात फार्मासिस्टने संशोधन करण्यातली ही खरी गोम आहे. बाहेरून आलेल्या समाजशास्त्रज्ञाला पोटॅशियम क्लोराइडच्या (पातळ न करता शिरेत गेलं तर जीव घेऊ शकणाऱ्या औषधाच्या) अँप्युलचा विषय निघताच खोलीत शांतता का पसरते ते समजणार नाही, तुम्हाला समजतं. पण तुम्ही वॉर्डात चुका पकडणारे म्हणून ओळखले जाता. चार्टवर लाल पेनने खुणा करणारा माणूस 'मनमोकळं बोला' म्हणतो तेव्हा कोण मनमोकळं बोलेल? यावर रामबाण उपाय नाही. ज्या वॉर्डात तुमची रोजची क्लिनिकल राउंड असते तिथल्या मुलाखती दुसऱ्या सहकाऱ्याने घ्याव्यात, तुम्ही दुसऱ्या वॉर्डातल्या घ्याव्यात. अॅप्रन काढून जावं. आणि प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच दिवशी अर्धं पान लिहून ठेवावं की समोरच्याने मला कोण समजून उत्तरं दिली. ही टिपणं पुढे प्रबंधात तुमचा जीव वाचवतील, कारण गुणात्मक अभ्यास कसा सादर करावा याची जी ३२ कलमी कोरेक यादी २००७ पासून वापरात आहे, तिचा पहिला भागच मुलाखत घेणारा कोण होता आणि त्याचं सहभागींशी नातं काय होतं, हे विचारतो.

जागा आणि वेळ याला लोक फारच कमी महत्त्व देतात. नर्सिंग स्टेशनवर मुलाखत होत नाही. दर दोन मिनिटांनी नातेवाईक सलाइन संपल्याचं सांगायला येतात आणि इन्चार्ज सिस्टर पाठमोरी बसून सगळं ऐकत असतात. मेट्रनच्या केबिनमध्ये तर नकोच. दुपारी दोनला सकाळपाळी सुटते तेव्हा बहुतेकींना घरी जायची घाई असते, मुलांची शाळा सुटणार असते. तिथे थांबवलंत तर एका वाक्यात उत्तरं मिळतील. मला तरी सगळ्यांत चांगल्या मुलाखती दुपारपाळी सुरू होण्याआधीच्या निवांत वेळात, रिकाम्या सेमिनार रूममध्ये मिळाल्या आहेत. रात्रपाळीवाल्यांना सकाळी आठला पकडू नका; माणूस बारा तास उभा राहून आलेला असतो. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या सोयीने, फोनवर घेतली तरी चालते.

मुलाखत कोणाची घ्यायची हे मेट्रनला ठरवू देऊ नका. त्या चांगल्या मनाने 'या आमच्या हुशार सिस्टर' म्हणून चार नावं देतील आणि चारही जणी एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या तपासणीत बोलायला तयार केलेल्या असतील. परवानगी वरून घ्या, निवड स्वतः करा. निवड हेतुपुरस्सर असते: आयसीयू आणि जनरल वॉर्ड, नवीन लागलेली आणि वीस वर्षं काढलेली, कायम आणि कंत्राटी, रात्रपाळी जास्त करणारी, रेसिडेंट, आणि तुमच्याच काउंटरवरचा फार्मासिस्ट. शेवटच्याला विसरतात सगळे. औषध देताना फार्मसीत झालेली चूक नोंदवली जाते का, हा प्रश्न आपल्या घरात विचारायची आपली तयारी असली पाहिजे.

समितीच्या सॅम्पल साइजबद्दल. सूत्र मागितलं तर शांतपणे सांगा की सूत्र प्रमाण काढण्यासाठी असतं आणि तुम्ही प्रमाण काढत नाही आहात. पण 'माहिती संपृक्त होईपर्यंत', म्हणजे नवीन काही मिळेनासं होईपर्यंत, एवढंच लिहून सुटू पाहू नका, कोणालाही ते पटत नाही आणि पटूही नये. गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या स्त्रियांच्या ६० मुलाखतींचा मागोवा घेऊन दाखवलं की बहुतेक सगळे कोड (मजकुराच्या तुकड्यांना दिलेली अर्थाची नावं) पहिल्या १२ मुलाखतींतच आले होते. तेव्हापासून १२ हा आकडा मंत्रासारखा जपला जातो. तो गट बराचसा एकसारखा होता आणि सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारलेले होते, हे मात्र जप करणारे विसरतात. तुमच्याकडे सिस्टर, डॉक्टर आणि फार्मासिस्ट असे तीन वेगळे समाज आहेत. मला नॉर्वेच्या किर्स्टी माल्टेरुड यांची २०१६ मधली मांडणी जास्त उपयोगी वाटते. त्या म्हणतात की विषय जितका नेमका, सहभागी जितके त्या विषयाच्या जवळचे आणि संवाद जितका कसदार, तितकी माणसं कमी लागतात. तुम्ही प्रोटोकॉलमध्ये असं लिहा: अंदाजे १५ ते २० मुलाखती, प्रत्येक गटातून किमान चार, पहिल्या आठ झाल्यावर विश्लेषणाचा आढावा, आणि लागोपाठ तीन मुलाखतींत नवा कोड आला नाही तर त्या गटापुरतं थांबणं. हे ऐकल्यावर संख्याशास्त्राचे सरसुद्धा मान डोलावतात.

एथिक्स कमिटीकडे जावंच लागेल. 'नुसतं बोलायचंय' म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जोखमीनुसार सूट, जलद आणि पूर्ण तपासणी असे मार्ग आहेत आणि तुमचा अभ्यास कुठल्या मार्गात बसतो हे समिती ठरवते. इथे खरा धोका सुईचा नाही, नोकरीचा आहे. कंत्राटी सिस्टरने सांगितलेली गोष्ट वर पोचली तर तिला मेमो मिळू शकतो. म्हणून संमतिपत्रात, मराठीत, चार गोष्टी स्वच्छ लिहा: रेकॉर्डिंग होईल, नको असेल तर फक्त टिपणं घेऊ; नाव कुठेही येणार नाही; बोलणं मध्येच थांबवता येईल; आणि एखाद्या पेशंटला आत्ता धोका आहे असं बोलण्यातून कळलं तर आम्ही गप्प बसणार नाही. चौथा मुद्दा आधीच सांगितला नाही तर ऐन वेळी तुमची कोंडी होते. आणि नाव काढलं म्हणजे ओळख गेली, हा भ्रम सोडा. 'आयसीयूमधले ब्रदर, रात्रपाळी' असं अवतरणाखाली लिहिलंत आणि आयसीयूत ब्रदर एकच असतील, तर तुम्ही नावच छापलंत. अहवालात 'शुश्रूषा कर्मचारी, क्रमांक ७' एवढंच पुरे.

मुलाखतीच्या जोडीला थोडं निरीक्षण करता आलं तर सोडू नका, कारण माणसं जे करतात आणि जे करतो म्हणून सांगतात त्यात अंतर असतं, आणि ते अंतर अप्रामाणिकपणातून आलेलं असतंच असं नाही. काट्या टॅक्सिस आणि निक बार्बर यांनी इंग्लंडमधल्या दोन रुग्णालयांच्या दहा वॉर्डांत शिरेतून देण्याच्या औषधांचं निरीक्षण केलं, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ४३० पैकी २१२ डोसांत, म्हणजे ४९ टक्क्यांत, काही ना काही चूक होती. पण आकड्याइतकंच मोलाचं होतं ते शेजारी उभं राहून दिसलेलं: बोलस, म्हणजे सिरिंजने थेट शिरेत द्यायचा डोस, किती भरभर दिला जातो, अनेक टप्प्यांनी विरघळवायच्या औषधांत घोळ कुठे होतो. तीन ते पाच मिनिटांत द्यायचं इंजेक्शन अर्ध्या मिनिटात जातं आणि देणारीला विचारलं तर ती मनापासून 'हळू देते' म्हणते. आपल्या वॉर्डांत दहाच्या डोसाला एक सिस्टर तीस पेशंटची इंजेक्शनं एकाच ट्रेमध्ये भरून निघते, सिरिंजवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर फक्त खाट क्रमांक. तो ट्रे पाहिल्याशिवाय मुलाखतीत काय विचारायचं हे तुम्हाला सुचणार नाही. पहिले काही दिवस लोक सावध राहतात, नंतर सवय होते. मात्र डोळ्यांसमोर घातक चूक होताना दिसली तर वही बंद करून मध्ये पडायचं, हे आधी ठरवून प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा. आपण आधी फार्मासिस्ट आहोत.

गटचर्चेचा मोह टाळा, निदान या विषयासाठी. सात जणींना एका वेळी बसवलं की वेळ वाचतो खरा, पण इन्चार्ज सिस्टर बोलल्या की बाकीच्या 'हो, तसंच' म्हणतात, आणि हेड ऑफ युनिटसमोर रेसिडेंट स्वतःची चूक सांगणार नाही. गटचर्चा शेवटी ठेवा, नवा फॉर्म कसा असावा यासाठी. तिथे ती झकास चालते.

लेखन आणि भाषा. एका तासाच्या रेकॉर्डिंगला शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज लागतात, वॉर्डातला गोंगाट असेल तर जास्त. मोबाइलवरची आपोआप लिहून देणारी साधनं मराठीत बऱ्यापैकी चालतात, पण औषधांच्या नावांचा पार चुथडा करतात. शिवाय पेशंट आणि कर्मचाऱ्यांबद्दलचं बोलणं कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर चढवायची परवानगी तुम्हाला कुणी दिलेली नाही. बोलणं मराठीत झालं तर कोडिंगही मराठीतच करा. आधी इंग्रजी करून मग विश्लेषण केलं तर हसणं, अडखळणं, 'तशी…' नंतरची थांबण्याची जागा, सगळं पुसलं जातं. प्रबंधात वापरायची अवतरणं तेवढी शेवटी इंग्रजीत आणा. सॉफ्टवेअरबद्दल एकच सांगते: ते विश्लेषण करत नाही, कप्पे सांभाळतं. एनव्हिवो परवडत नसेल तर टॅगेट फुकट आहे, आणि पंधरा मुलाखतींना एक्सेल किंवा रंगीत पेनंही पुरतात.

विश्लेषणात मुलं सर्वांत जास्त घसरतात, म्हणून तिथे थोडं थांबते. व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेले सहा टप्पे तुम्ही वर्गात शिकलाच असाल: मजकुरात मुरणं, कोड लावणं, आशयसूत्रं शोधणं, तपासणं, त्यांना नाव देणं, लिहिणं. टप्पे सगळ्यांना पाठ असतात, कोड मात्र एकशब्दी पडतात. वरच्या संवादातल्या शेवटच्या वाक्याला 'भीती' असा कोड लावलात की खेळ खलास. भीती कशाची? कोणाची? काय टाळायला? त्याऐवजी 'फॉर्म आधी ड्यूटी कुणाची ते शोधतो' असा कोड लावा. 'कुणाला सांगितलंत' या उत्तराला 'संवाद' असा कोड न देता 'विश्वासातल्या एकीलाच तोंडी सांगणं' द्या. कोडमध्ये क्रिया असली पाहिजे, कोण काय करतंय ते दिसलं पाहिजे. मग दहा मुलाखती झाल्यावर असे कोड शेजारी ठेवले की 'भीती, वेळेचा अभाव, अज्ञान' या तीन शिळ्या मथळ्यांऐवजी काहीतरी जिवंत निघतं. उदाहरणार्थ: 'चूक सुधारली की ती संपली', किंवा 'कागदावर गेलं ते माझ्यावर आलं'. आशयसूत्र हे असं एक विधान असतं, ज्याच्याशी कुणी वाद घालू शकेल. 'वेळेचा अभाव' हा नुसता विषय झाला.

आणि मुलाखती सगळ्या उरकून मग विश्लेषणाला बसू नका. पहिल्या दोन-तीन लगेच उतरवा, कोड लावा, आणि त्यावरून पुढचे प्रश्न बदला. वरच्या संवादानंतर तुमच्या यादीत उसनवारीचा प्रश्न यायलाच हवा, जो आधी तुमच्या स्वप्नातही नव्हता.

आधीच्या सिद्धान्ताची चौकट घ्यावी का, असंही तुम्ही विचारलं आहे. प्रतिकूल औषध-परिणामांच्या (औषध नीट देऊनही झालेल्या त्रासाच्या) बाबतीत ब्रिटनचे विल्यम इनमन यांनी १९७६ मध्येच डॉक्टर का नोंदवत नाहीत याची सात 'पापं' सांगितली होती: आत्मसंतुष्टता, भीती, अपराधभाव, स्वतःच प्रसिद्ध करण्याची महत्त्वाकांक्षा, अज्ञान, संकोच, आळस. यादी चटपटीत आहे आणि म्हणूनच घातक. ती समोर ठेवून कोडिंगला बसलात तर सातही पापं तुम्हाला हमखास सापडतील आणि आठवं दिसणार नाही. शिवाय ती सगळी पापं माणसाच्या अंगावर टाकलेली आहेत. काउंटर खाली आहे आणि रात्री मामा एकच आहे, हे त्यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. पुढे नवी पद्धत उभी करायची असेल तर सुझन मिची आणि सहकाऱ्यांची वर्तनबदलाची चौकट कामाची आहे, क्षमता, संधी आणि प्रेरणा अशी; त्यातल्या 'संधी'त तो मामा नीट बसतो. पण ती विश्लेषणाच्या दुसऱ्या फेरीला घ्या. पहिली फेरी मजकुराच्या कलाने.

औषधातली चूक आणि प्रतिकूल परिणाम यांची मात्र गल्लत होऊ देऊ नका. प्रतिकूल परिणामांसाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडून चालतो, त्याचा वेगळा फॉर्म आहे, १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि सिस्टर किंवा फार्मासिस्टही तो फॉर्म भरू शकतात. मुलाखतीत बऱ्याच जणी हे दोन फॉर्म एकच समजून बोलतील. तिथे लगेच दुरुस्ती करू नका. त्या एकच समजतात, हाच तुमचा एक निष्कर्ष आहे. मुलाखत संपल्यावर, रेकॉर्डर बंद करून, खुलासा करा.

विश्वासार्हतेचा प्रश्न व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नक्की येणार. दोन जणांनी कोड लावून कापा, म्हणजे दोघांच्या कोडांचा मेळ किती बसतो हे सांगणारा आकडा, काढला का, असं विचारतील. कोडांची यादी आधी ठरवून काम केलं असेल तर काढा. नसेल तर काढू नका, कारण ब्रॉन आणि क्लार्क यांच्या पद्धतीत तो बसत नाही आणि त्यांनी स्वतः तसं स्पष्ट केलेलं आहे. त्याऐवजी दाखवा: कोडांची यादी कशी बदलत गेली त्याच्या तारखा, तुमच्या आशयसूत्राला छेद देणारी मुलाखत कुठली आणि तिचं काय केलंत, मुलाखत आणि निरीक्षण कुठे जुळलं, कुठे नाही. छेद देणारी मुलाखत लपवू नका. समजा एका वॉर्डातल्या सिस्टर फॉर्म नियमित भरतात असं निघालं. तो वॉर्ड अपवाद म्हणून तळटीपेत ढकलण्याऐवजी तिथे आणखी दोन मुलाखती घ्या. तिथल्या इन्चार्ज फॉर्म स्वतःच्या नावाने पाठवतात, एवढीच गोष्ट कदाचित निघेल, आणि प्रबंधातली सर्वांत उपयोगी शिफारस तीच असेल. आणि '४० टक्के सिस्टर म्हणाल्या' असं वाक्य कृपा करून कुठेही लिहू नका. पंधरा निवडून घेतलेल्या माणसांचे टक्के काढून काहीच सिद्ध होत नाही.

सहा महिन्यांत हे बसतं. पहिला महिना एथिक्सची मंजुरी आणि प्रश्नांची यादी. यादी एका पानापेक्षा मोठी झाली तर कापा. त्याच महिन्यात वॉर्डात नुसतं उभं राहा, दहाच्या आणि रात्रीच्या डोसाला. दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत मुलाखती आणि सोबतच लेखन, आठवड्याला दोन; याहून जास्त घेतल्या तर उतरवायचं साचत जातं. पाचवा महिना विश्लेषण, सहावा लिहिणं. मंजुरीला उशीर होणारच, म्हणून अर्ज आत्ताच टाका. अर्जावर शीर्षकात 'औषधचुका न नोंदवण्याची कारणे' असं असेल तर तेही बदला. सिस्टरच्या हातात संमतिपत्र गेल्यावर पहिली ओळ तीच वाचली जाते आणि मुलाखत तिथेच आखडते. 'वॉर्डात औषध देताना येणाऱ्या अडचणी आणि त्या कशा हाताळल्या जातात' असं ठेवा. ते खरंही आहे, कारण तुम्ही तेच विचारणार आहात.